अटलांटिकपारची पुढची गाडी

१८८३ सालच्या जून महिन्याची ४ तारीख. अटलांटिक ओलांडून आलेल्या एका बोटीतून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय मुलगी उतरली. ७ एप्रिलला तिने कलकत्ता सोडले होते. पती बरोबर नव्हते. ज्या देशात ती उतरत होती तेथे तिच्या नात्यागोत्याचे कोणी नव्हते. ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी, हे आपण ओळखले असेलच. पुढे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून गेल्या, आणि वर्षभराच्या आतच आनंदीबाईंचे पुण्यास निधन झाले. ही कहाणी महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष तीमधल्या एका लहानशा प्रसंगाकडे वेधू इच्छितो. बोट धक्क्याला लागली तेव्हा थिओडिशिया कार्पेंटर नावाची एक बाई न्यूजर्सीतल्या रोझेल गावाहून येऊन तेथे वाट पाहत उभी होती. तिने आनंदीबाईंना आपल्या घरी नेले. महासागर बोटीने ओलांडून दिला. धक्क्यापासून घरापर्यंतचे अंतर मात्र एका माणसाने ओलांडून दिले.

लांबच्या प्रवासाचा इतिहास लिहिणारे बहुधा बोटींचा वेग, विमानांची उंची आणि धाडसी वीरांची नावे सांगतात. एक प्रवास जेथे संपतो आणि दुसरा जेथे सुरू होतो, त्या मधल्या जागेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक प्रवाशाचा जीव टांगणीला लागतो तो तेथेच. बोटीला किंवा विमानाला उशीर झाला, तर पुढची गाडी थांबेल काय? न थांबल्यास त्या नुकसानीचा धनी कोण? अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा आजचा विषय.

आधी आगबोटींचा काळ पाहू. इंग्लंडातील साउथॅम्प्टन हे अमेरिकेस जाणाऱ्या बोटींचे एक प्रमुख बंदर. १८९२ साली तेथील गोद्या लंडन अँड साउथ-वेस्टर्न रेल्वे कंपनीने विकत घेतल्या. या व्यवहाराचे महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. धक्का ज्याचा, रूळही त्याचेच. म्हणून बोटीचा प्रवासी आणि आगगाडीचा प्रवासी असे दोन प्रवासी कंपनीच्या हिशेबात उरलेच नाहीत. तो एकच प्रवासी होता. बोटीला जोडून ज्या खास गाड्या सुटत, त्यांना तिकडे ‘बोट ट्रेन’ म्हणत. अमेरिकेहून बोट यावयाची असली म्हणजे ही गाडी धक्क्यालगत उभी असे. बोट दोन तास उशिरा आली, तर गाडीही दोन तास उशिरा सुटे. प्रवासी उतरत, जकातीचे अधिकारी पेट्या उघडून पाहत, हमाल सामान डब्यांत चढवीत, आणि मग गाडी लंडनच्या वॉटर्लू स्थानकाकडे निघे. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये शेरबूर बंदरात १९३३ साली असेच एक भव्य सागरी स्थानक उभे राहिले आणि तेथून गाड्या थेट पॅरिसला जाऊ लागल्या. साउथॅम्प्टनचे ‘ओशन टर्मिनल’ १९५० साली उघडले. त्याच्या खालच्या मजल्यावर आगगाडी उभी असे आणि वरच्या मजल्यावरून बोटीत पाऊल टाकता येई.

गाडी थांबे ती काही कंपनीच्या मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. एका बोटीतून एका वेळी हजाराहून अधिक माणसे उतरत. तेवढ्या माणसांसाठी एकच काय, चार गाड्या थांबवून ठेवणेही परवडे. शिवाय बोट आठवड्यातून एखादे वेळी येई. ती आली नाही तर त्या गाडीला दुसरे कामच नसे. गाडीचे थांबणे हा सौजन्याचा भाग थोडा आणि हिशेबाचा अधिक, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे हिशेब बदलताच थांबणेही संपले.

याच काळाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेहून येणाऱ्या काही बोटी आधी प्लिमथला लागत. तेथे उतरून लंडन गाठले तर कित्येक तास वाचत. या प्रवाशांसाठी आणि टपालासाठी दोन रेल्वे कंपन्यांत चुरस लागली. ९ मे १९०४ रोजी ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या इंजिनाने प्लिमथहून बोटीचे टपाल नेताना ताशी शंभर मैलांची मजल मारल्याची नोंद झाली. त्या आकड्याबद्दल पुष्कळ वाद झाला, पण चुरशीबद्दल कोणाचाच वाद नव्हता. दोन वर्षांनी तिचे मोल चुकते झाले. १ जुलै १९०६ च्या रात्री दुसऱ्या कंपनीची गाडी ‘न्यूयॉर्क’ नावाच्या बोटीवरचे प्रवासी घेऊन लंडनकडे निघाली होती. सॉल्झबरी स्थानकाजवळच्या वळणावर ताशी तीस मैलांची मर्यादा होती. गाडी तिच्या दुपटीहून अधिक वेगाने आली आणि रुळांवरून उलटली. अठ्ठावीस माणसे मेली. त्यांपैकी चोवीस प्रवासी होते, आणि त्यांत बरेचसे अमेरिकन. चालकाने एवढा वेग का ठेवला, याचा उलगडा झाला नाही, कारण तो सांगायला चालकच उरला नव्हता. महासागर सुखरूप ओलांडून आलेली माणसे अखेरच्या शेदीडशे मैलांत दगावली. जोडप्रवासात घाई कोणी करावी आणि कोणासाठी करावी, हा प्रश्न नुसता सोयीचा नाही, हे त्या रात्री दिसले.

यानंतर माणूस आकाशात गेला. १९३६ साली जर्मनीचे ‘हिंडेनबर्ग’ हे अजस्र वायुयान फ्रँकफर्टहून अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे प्रवासी नेऊ लागले. लेकहर्स्ट हे आडवळणी ठिकाण. तेव्हा तेथून नेवार्कला नेण्यासाठी एका अमेरिकन कंपनीची छोटी विमाने जोडून दिलेली होती. अटलांटिक हवेतून ओलांडून पुढे लगेच दुसऱ्या विमानाने जाणे, ही आजची रीत तेथे दिसते. पुढल्याच वर्षी, ६ मे १९३७ रोजी, समोरच्या वाऱ्यामुळे बारा तास उशिरा पोहोचलेले ते यान उतरता उतरता पेटले. परतीच्या फेरीचे प्रवासी त्या वेळी त्याची वाट पाहत होते. त्यांपैकी काहींना इंग्लंडच्या राजाचा १२ मेचा राज्यारोहण-समारंभ गाठावयाचा होता. वायुयानांचे युग तेथेच संपले.

१९३९ च्या उन्हाळ्यात पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी विमाने न्यूयॉर्कहून युरोपास नियमित प्रवासी नेऊ लागली. दक्षिणेकडील मार्ग अझोर्स बेटांवरून लिस्बनला जाई. उत्तरेकडील मार्ग न्यूफाउंडलंडमधील बॉटवुड आणि आयर्लंडमधील फॉइन्स या गावांवरून साउथॅम्प्टनला. या विमानांत निजायची सोय चाळीसएक माणसांची. आता मघाचा हिशेब आठवा. हजार माणसांसाठी थांबणारी गाडी चाळीस माणसांसाठी कशाला थांबेल? त्यातही हे विमान आज येईल की उद्या, हे वारा आणि धुके ठरवीत. तेव्हा विमानकंपनीनेच पुढच्या मोटारीची, विमानाची वा मुक्कामाची व्यवस्था करावी, अशी रीत पडली. तिकीट इतके महाग होते की एवढा पाहुणचार त्या दरात सहज बसे.

महायुद्धानंतर विमाने जमिनीवर उतरू लागली आणि १९५८ साली जेट विमाने आली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान लंडन-न्यूयॉर्क मार्गावर प्रवासी घेऊन उडाले. २६ ऑक्टोबरला पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला. त्याच सुमारास हवेतून अटलांटिक ओलांडणाऱ्यांची संख्या बोटीने जाणाऱ्यांच्या पुढे गेली. १४ मे १९६० रोजी एअर इंडियानेही लंडनवरून न्यूयॉर्कला बोइंग ७०७ ची सेवा सुरू केली, आणि मुंबईचा माणूस बोट न बदलता, महिने न मोजता अमेरिकेस पोहोचू लागला. साउथॅम्प्टनचे ते देखणे ओशन टर्मिनल १९८३ साली पाडून टाकण्यात आले. वाट पाहणाऱ्या गाडीचे युग संपले, त्याची ही जणू खूण.

गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा प्रवाशाचा वाली कोण? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यावयाचा प्रयत्न केला, आणि तो वाखाणण्याजोगा आहे. १९२९ साली वॉर्सा येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीस वाहतूकदार जबाबदार राहील, ही पहिली. अनेक कंपन्यांनी एकापाठोपाठ केलेली वाहतूक जर मुळात एकच व्यवहार म्हणून ठरलेली असेल, तर ती सारी मिळून एक अखंड वाहतूक समजली जाईल, ही दुसरी. १९९९ च्या माँट्रियल करारात ही तत्त्वे कायम राहिली. भारत त्या करारात २००९ साली सामील झाला. मात्र दोन्ही करारांत एक कुंपण आहे. प्रवास काही विमानाने आणि काही अन्य वाहनाने असेल, तर करार लागू होतो तो विमानाच्या भागापुरताच. विमानतळाच्या दारापाशी, रूळ जेथे सुरू होतो तेथे, त्याचे छत्र संपते.

हे सारे कागदावरचे बोलणे वाटू नये म्हणून आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याची हकिगत सांगतो. मुलीकडे अमेरिकेत चार महिने राहून ते परत निघाले होते. स्वस्त पडते म्हणून अमेरिका ते युरोप हे तिकीट एका कंपनीचे आणि युरोप ते मुंबई हे दुसऱ्या कंपनीचे, असे निरनिराळे घेतलेले. मध्ये अडीच तास होते, पुरेसे वाटले. पहिले विमान दोन तास उशिरा उतरले. मुंबईचे विमान तर गेलेच, पण खरा पेच पुढे होता. तिकिटे वेगवेगळी असल्याने पेट्या मुंबईपर्यंत न जाता त्याच विमानतळावर उतरवल्या गेल्या. त्या घ्यावयाच्या तर पासपोर्ट दाखवून त्या देशात शिरावे लागणार. आणि शिरावयाचे तर व्हिसा हवा, तो त्यांच्यापाशी नव्हता. पहिली कंपनी म्हणे, “आम्ही तुम्हाला येथवर आणून पोहोचवले.” दुसरी म्हणे, “तुम्ही वेळेवर आला नाहीत.” दोघींचेही म्हणणे खरे होते! एक रात्र बाकावर काढून, नवी तिकिटे घेऊन ते घरी आले. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे गेले. गुरुजी आम्हाला म्हणाले, “तिकीट म्हणजे प्रवासाची परवानगी असे मी समजत होतो. ते खरे तर कोणीतरी आपली जबाबदारी घेतल्याची पावती असते.” याहून नेमके शब्द आम्हाला सुचत नाहीत.

जबाबदारी कंपनीची असो की आपली, वेळेचे गणित मात्र प्रवाशाने समजून घेतलेच पाहिजे. उत्तर अटलांटिकवर उंचावरचे प्रबळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला सात तासांच्या आतबाहेर, तर लंडनहून न्यूयॉर्कला आठ तासांच्या आसपास लागतात. त्यात घड्याळांचा फरक पाच तासांचा. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघालेला प्रवासी लंडनला सकाळी सातला उतरतो. रात्र त्याची अर्धीमुर्धीच झालेली असते. उलट लंडनहून सकाळी अकराला निघालेला त्याच दिवशी दुपारी दोनला न्यूयॉर्कला पोहोचतो. महासागरावर विमानांसाठी रोज वाऱ्यांनुसार मार्ग आखले जातात, ते रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी आणि दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, ते याच कारणाने. युरोपातील मोठ्या विमानतळांवर सकाळी पुढच्या विमानांची जी रीघ लागते, तिचेही मूळ यातच आहे. रात्रभर न झोपलेल्या माणसाने उतरल्यावर तासाभरात पुढची गाडी पकडण्याचा बेत करणे, हे वेळापत्रकाला शोभले तरी शरीराला शोभत नाही. आणखी एक खाचखळगा असा की उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करण्याचा रविवार अमेरिकेत आणि युरोपात वेगवेगळा आहे. २००७ पासून अमेरिका मार्चच्या दुसऱ्याच रविवारी घड्याळ पुढे करते, तर युरोप शेवटच्या रविवारी. त्या दोनतीन आठवड्यांत पाच तासांचा फरक चारच तासांचा असतो.

एकीकडे कायदा चालला होता, तर दुसरीकडे रूळच विमानतळापाशी नेण्याची खटपट चालू होती. लंडनजवळच्या गॅटविक येथे १९३६ सालीच विमानतळाची इमारत भुयारी वाटेने रेल्वे स्थानकास जोडली होती. फ्रँकफर्टच्या विमानतळाखाली १९७२ साली स्थानक झाले, झुरिकला १९८० साली; पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर १९९४ साली अतिजलद गाड्यांचे स्थानक आले आणि १९९९ साली फ्रँकफर्टला लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाच्या आवारात रूळ यावयास मात्र २००३ साल उजाडावे लागले. यांतला सर्वांत बोधप्रद प्रयोग जर्मनीचा. १९८२ ते १९९३ या काळात लुफ्तान्सा कंपनीची स्वतःची आगगाडी ड्युसेलडॉर्फ आणि फ्रँकफर्ट विमानतळ यांच्यामध्ये धावत असे. तिला विमानासारखा क्रमांक होता आणि आत विमानकंपनीचे सेवक जेवण वाढीत. साउथॅम्प्टनला रेल्वेने धक्का आपला म्हटला होता; येथे विमानाने रूळ आपले म्हटले. सूत्र एकच: मधली जागा कोणाच्या तरी मालकीची झाली म्हणजे प्रवासी निराधार राहत नाही.

स्वित्झर्लंडने याच प्रश्नाला आणखी निराळे उत्तर दिले. १९८२ पासून तेथे देशभर ठरावीक मिनिटाला दर तासाने गाडी सुटते. एक चुकली तर दुसरी येणारच. जेथे गाड्या वरचेवर असतात तेथे कोणी कोणासाठी थांबण्याची गरजच पडत नाही. दिवसाला एकच गाडी असेल तर तिने थांबावे. दर तासाला असेल तर तिने वेळेवर सुटावे. दोन्हींत प्रवाशाचे भले आहे.

कायद्याचे पाऊलही पुढे पडले. कोणी एक प्रवासी जर्मनीतील ब्रेमेनहून पॅरिस आणि ब्राझीलमधील साओ पाउलो मार्गे पॅराग्वेची राजधानी आसुन्सियोन येथे निघाला होता. ब्रेमेनचे विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले. त्यामुळे पॅरिसला अटलांटिकपार जाणारे विमान चुकले, आणि मुक्कामी पोहोचावयास त्यास अकरा तास उशीर झाला. कंपनीचे म्हणणे असे की आमचा उशीर अडीच तासांचाच. २०१३ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की जोडविमानांच्या प्रवासात उशीर मोजावयाचा तो शेवटच्या मुक्कामावर. प्रवास कोठे संपतो हे कंपनीने नव्हे, प्रवाशाच्या मुक्कामाने ठरावे, असा याचा अर्थ. आम्हाला तो न्यायाचा आणि साध्या शहाणपणाचाही निर्णय वाटतो.

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज अटलांटिकपार आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे वडीलधारे या सभेतही असतील. त्यांनी या इतिहासातून काय घ्यावे? सबंध प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर असावा. अमेरिकेत पुढे दुसऱ्या विमानाने जावयाचे असेल, तर पहिल्याच विमानतळावर पासपोर्टाची तपासणी होते आणि सामानही बहुधा तेथेच उतरवून पुन्हा द्यावे लागते, म्हणून तेथे तीन तास हाती ठेवावे. विमानानंतर आगगाडी असेल, तर ठरावीक गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट न घेता कोणत्याही गाडीस चालणारे घ्यावे. दिवसाच्या शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये. आणि दुसऱ्या दिवशी लग्न किंवा परीक्षा असेल, तर एक दिवस आधी निघावे.

एवढे सारे करूनही एखाद्या दिवशी सर्व गणिते कोसळतात. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेने आपले आकाश बंद केले, आणि अटलांटिकवर उडत असलेली ३८ मोठी विमाने न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे उतरवावी लागली. सुमारे साडेसहा हजार प्रवासी. गावची वस्ती दहा हजारांच्या घरातली. कोणाच्याही तिकिटावर त्या गावाचे नाव नव्हते. कोणती कंपनी जबाबदार, कोणते कलम लागू, हे विचारीत बसायला तेव्हा कोणाला सवड नव्हती. गावकऱ्यांनी शाळा उघडल्या, देवळे उघडली, घरांतली अंथरुणे आणली, आणि विमाने पुन्हा उडेपर्यंतचे ते काही दिवस परक्यांना आपले म्हणून सांभाळले.

म्हणून आम्ही पुन्हा १८८३ सालच्या त्या धक्क्याकडे वळतो. आनंदीबाईंच्या प्रवासाची आखणी वेळापत्रकाने झाली नव्हती. पत्रव्यवहाराने झाली होती. एका अनोळखी बाईने त्यांची हकिगत एका मासिकात वाचली, पत्र लिहिले, उत्तर आले, आणि त्या ओळखीच्या भरवशावर त्यांनी दोन महासागर पार केले. पुढे रेल्वेने, विमानकंपन्यांनी आणि न्यायालयांनी जे जे केले, ते सारे या एका भरवशाची व्यवस्था लावण्याचेच प्रयत्न आहेत. वेग वाढला, महिन्यांचे तास झाले. तरी दूरच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताना माणूस गर्दीत पहिल्यांदा जे शोधतो ते अजून तेच आहे. आपली वाट पाहत कोणी उभे आहे काय?